मुळ्याची फोड

थर्मासच्या तळाशी मुळ्याची एक फोड सापडली आणि लुई पिक-यूला वाटले, चोर सापडला.

एरवी ती सूप वाटीत ओतून घ्यायची आणि थर्मास तसाच परत द्यायची. त्या मंगळवारी गाण्याच्या तालमीहून भुकेली आली होती, म्हणून चमचा तळापर्यंत घातला. हाडांचे, सुक्या अंजिरांचे नेहमीचे सूप. ते आणणारी क्वाय-जे चोथा घरीच गाळून काढायची. ही एकच फोड गाळणीच्या कडेवरून निसटली असावी. शिजून पारदर्शक झाली होती. पिक-यूने ती चमच्यावर धरली, उजेडाकडे नेली, हुंगली. मुळाच होता.

आता एवढ्याशा मुळ्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने आमच्या हाँगकाँगातल्या कुठल्याही म्हातारीला विचारावे. जिनसेंग चालू असताना मुळा खायचा नाही, मुळा जिनसेंगचा सगळा गुण धुऊन टाकतो. ज्याला अजून चॉपस्टिक धरता येत नाही, त्यालाही इथे हे पथ्य ठाऊक असते. आणि पिक-यूचे जिनसेंग गेले अकरा आठवडे चालू होते.

ते तिला मोकने, तिच्या मॅनेजरने, आणून दिले होते. लाल रेशमी पेटी, आत म्हाताऱ्याच्या दाढीसारखे तंतू सुटलेली मुळी, सोबत सिट वैद्याची चिठ्ठी: रोज एक काप, उपाशीपोटी. "यू-जे, या वयात गळ्यामागे ताकद लागते," तो म्हणाला होता. किंमत त्याने सांगितली नाही, पण ती कळेल अशा बेताने पेटी उघडली होती.

ताकद हवी होती ती एका सुरासाठी. 'गच्चीवरचा चंद्र' या गाण्याच्या शेवटी आवाज एकदम वर चढतो आणि तिथेच थांबून राहतो. सतराव्या वर्षी, टीव्हीवरच्या स्पर्धेत, पिक-यूने तो सूर लावला होता. त्याआधी ती आईबरोबर घरी बसून प्लॅस्टिकची फुले जोडायची. स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. पहिली कोण आली होती, हे आज त्या पहिलीच्या घरच्यांनाही सांगावे लागेल. पिक-यूच्या मात्र चौदा रेकॉर्डी निघाल्या, टॅक्सीत, न्हाव्याच्या दुकानात, माशांच्या बाजारात तोच चंद्र उगवू लागला. पुढे तिने तीन सिनेमे केले, ते विसरलेलेच बरे. लग्न केले, व्हँकूवरला गेली, नवऱ्याचे हॉटेल आणि नवरा दोन्ही सोडून परत आली. तोवर कानामागून आलेल्या तिखट झाल्या होत्या. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, नऊ वर्षांच्या खंडानंतर, हुंग होमच्या मोठ्या सभागृहात तिचे तीन कार्यक्रम लागले होते. लोक तिकिटे काढणार होते ती त्या एका सुरासाठीच, हे तिला पक्के माहीत होते. तो लागला तर ती अजून पिक-यू होती. नाही लागला तर ती एक बाई होती, जिने एकेकाळी गाणी म्हटली होती.

आणि तो सूर तुटत होता. तालमीत ती तो टाळायची, घरी म्हणून बघायची. कधी लागायचा, कधी काठावर येऊन चिरफाळायचा. हे कोणाला ठाऊक होते? तिला, मोकला आणि क्वाय-जेला. तरी महिन्यापूर्वी एका चहाटळ साप्ताहिकात छापून आले: 'पिक-यूचा चंद्र मावळला? वरचा सूर तुटतो, जवळच्यांची माहिती.'

मोकवर तिचा संशय गेला नाही. त्याचे पोट तिच्याच गळ्यावर चालत होते. राहिली क्वाय-जे.

क्वाय-जे म्हणजे तिची वेशभूषा सांभाळणारी. पिक-यूपेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून 'जे', ताई. शेक किप मेईत पिक-यूच्याच इमारतीत वाढलेली. स्पर्धेचा झगा तिनेच घरच्या पडद्याचे कापड उसवून शिवला होता. व्हँकूवरची वर्षे सोडली तर एकेचाळीस वर्षे ती पिक-यूच्या पाठीचे हूक लावत होती, आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सूप आणत होती.

संशय एकदा घरात शिरला की त्याला पाट मांडावा लागत नाही, तो स्वतःच पसरून बसतो. पिक-यूला आता सगळेच आठवू लागले. त्या नव्या गाणाऱ्या पोरीच्या, युन त्झ-क्यूच्या, बाहीला टाका घालताना क्वाय-जे हसत होती. कशाला हसत होती? तीच पोरगी कार्यक्रमात पाहुणी म्हणून येणार होती. पिक-यूचा घसा बसला तर 'चंद्र' कोण म्हणणार? हिशोब सरळ होता. वर गेल्याच महिन्यात क्वाय-जे म्हणाली होती, "पिक-यू, आता पुरे नाही का झालं?" तेव्हा ते मायेचे वाटले होते.

बुधवारी सकाळीच, साप्ताहिक छापायला जाण्याआधी, तिने सापळा लावला. क्वाय-जे झग्याची उंची मोजत असताना सहज म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी 'चंद्र' गाणारच नाही."

"बरं," क्वाय-जे तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाली. "हात वर कर."

गुरुवारी साप्ताहिक निघाले. पिक-यूने ते पानन्‌पान चाळले. एका अक्षरानेही काही नव्हते. दुसऱ्या कोणाचा जीव भांड्यात पडला असता. पिक-यूला वाटले, बाई पक्की आहे, वास लागला तिला.

शुक्रवारी क्वाय-जे थर्मास घेऊन आली, तेव्हा पिक-यूने टेबलावर गाळणी आणि रिकामे पातेले मांडून ठेवले होते. तिने सगळे सूप गाळणीतून ओतले. गाळणीत अंजिराच्या चार बिया राहिल्या.

"आज नीट गाळलंस," पिक-यू म्हणाली. "मंगळवारी एक फोड राहिली होती."

क्वाय-जेने गाळणीकडे पाहिले, मग तिच्याकडे. नाकबूल करायला तिला दोन क्षण होते. तिने ते घेतले नाहीत.

"मुळा घालते मी," ती म्हणाली. "सात आठवडे झाले."

"जिनसेंग चालू आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे म्हणून तर घालते. स्वतःला बघितलंस का आरशात? डोळे लाल, ओठ फुटलेले. उशीच्या अभ्र्यावरचं नाकातलं रक्त मी धुते, तू नाही. दिवसाचे सहा तास गाणाऱ्या बाईला वर जिनसेंग? उष्णतेनं घसा सुकतोय तुझा, सूर म्हातारपणानं नाही तुटत. तीनदा सांगितलं तुला. काय म्हणालीस? 'तू बटणं बघ.' बघते बटणं. आणि मुळा घालते."

"वैद्यापेक्षा तू शहाणी?"

"वैद्यानं तुला बघितलंय कधी? चिठ्ठी मोकनं आणली. बुधवारी, शनिवारी सूर लागतो तुझा. आठव. माझ्या सुपाच्या दुसऱ्या दिवशी."

खरे तर इथे पिक-यूने नुसते आठवायला हवे होते. पण जो माणूस महिनाभर एका दिशेने चालत आलाय, तो असा दोन वाक्यांनी वळत नाही. शिवाय पेटी रेशमी होती आणि मुळा बाजारात ढिगाने मिळतो. महाग ते औषध आणि स्वस्त ते विष, अशी तिची समजूत. तिची एकटीचीच आहे असेही नाही.

"साप्ताहिकाला कोणी सांगितलं?"

क्वाय-जेला ते समजायला वेळ लागला. समजले तेव्हा तिने थर्मासचे झाकण घट्ट फिरवले, थर्मास पिशवीत घातला, गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. "निळ्या झग्याचा तिसरा हूक सैल आहे," ती म्हणाली. "जी कोणी येईल तिला सांग." आणि गेली. पिक-यूने थांबवले नाही.

त्या दिवसापासून ती जिनसेंगचे दोन काप खाऊ लागली. धुऊन गेलेला गुण भरून काढायचा होता.

पुढल्या शुक्रवारी पहिला कार्यक्रम. दुपारी दोनला रिवाजाप्रमाणे रंगमंचावर भाजलेले डुक्कर लाल कापडावर मांडले होते. वादक, प्रकाशवाले, नाचणाऱ्या पोरी, सगळे हातात उदबत्त्या घेऊन उभे. चारी दिशांना नमस्कार झाले. पहिला काप मुख्य गायिकेने घालायचा, एका दमात. दर वेळी क्वाय-जे तिची बाही मागून धरायची, चरबी लागू नये म्हणून. आज तिथे तिच्या जागी आलेली नवी मुलगी होती, ती मोबाइलमध्ये फोटो काढत होती.

पिक-यूने सुरा उचलला, आणि तिच्या नाकातून रक्त आले. एक थेंब डुकराच्या खुसखुशीत पाठीवर पडला, दुसरा, मग धार. शुभ कार्यात असे झाले की आमच्याकडे आधी सगळे गप्पच होतात.

म्हातारा ड्रमवाला फाय-सुक तेवढा पुढे आला. त्याने रुमाल दिला, तिची मान पुढे झुकवली आणि तिच्या डोळ्यांत पाहिले. "जिनसेंग खातेस?"

"दोन काप, फाय-सुक."

"दोन? या उकाड्यात? आणि गायचंय?" त्याने जीभ टाळ्याला लावून चक्‌ केले. "कोणा शहाण्यानं दिलं? मुळा खा, बाई, मुळा. आजचं काही खरं नाही, पण उद्यापर्यंत तरी उतरेल."

तेवढ्यात मोक धावत आला. चेहरा घाबरा, पण पुरता नाही. "काही नाही, काही नाही. लाल म्हणजे शुभच. यू-जे, काळजी करू नका, तिन्ही दिवस एक खुर्ची रिकामी नाही. ती बातमी आल्यापासून तिकिटं अशी उडाली म्हणता. लोकांना वाटतं, ही शेवटची संधी."

रुमालाआडून पिक-यूने विचारले, "बातमी कोणी दिली, मोक?"

मोक हसला. तेवढेच केले त्याने. त्याला खरेच वाटत होते की ती शाबासकी देईल.

पिक-यूला संताप यायला हवा होता, पण आधी आली ती लाज. महिनाभर ती सगळीकडे चोर हुडकत होती, आणि तो रोज समोर बसून चहा पीत होता.

तिने टॅक्सी केली. शेक किप मेईची ती इमारत, सातवा मजला; लिफ्ट तेव्हाही सहाव्यापर्यंतच होती आणि आजही आहे. क्वाय-जेने आतले दार उघडले, बाहेरचे लोखंडी तसेच बंद ठेवले. गजांमधून तिने पिक-यूच्या नाकात खुपसलेला कापूस पाहिला.

"काय, पातेलं तपासायला आलीस?"

"क्वाय-जे."

"गाळणी विसरलीस बघ."

"मोकनं सांगितलं होतं. साप्ताहिकाला." पिक-यूने गज धरला. "मी संशय तुझ्यावर घेतला. चुकले मी. फार चुकले."

क्वाय-जेने कुलूप काढले, पण "ये" म्हणाली नाही. पिक-यू आपणच आत गेली आणि त्या छोट्या घडीच्या टेबलाशी बसली. शेगडीवर पातेले होते. शुक्रवार होता, आणि सवय अशी जात नाही. क्वाय-जेने वाटी भरून समोर ठेवली, न गाळता. पिक-यूने आत पाहिलेही नाही. ती प्याली, तळाशी मऊ फोडी लागल्या त्याही खाल्ल्या.

"लागेल का आज?"

"नाही," क्वाय-जे म्हणाली. "बारा आठवड्यांची आग एका वाटीनं विझत नाही. आज खालच्या पट्टीत म्हण आणि तसं आधीच सांगून टाक. परवा बघू."

"तू येशील ना? हूक लावायला?"

"येईन. त्या पोरीला तिसरा हूक जमायचा नाही." क्वाय-जेने रिकामी वाटी उचलली. "पण सूप मी आता आणणार नाही. तुला हवं तर इथं येऊन पी."

फळीवर थर्मास धुऊन, झाकण काढून उपडा ठेवला होता.

त्या रात्री पिक-यूने दहा हजार लोकांना सांगितले की घसा बसला आहे, चंद्र आज जरा खाली उतरेल. ती तो खालच्या पट्टीत गायली. काही लोक हळहळले, बरेच रडले, एकही उठून गेला नाही. तिसऱ्या दिवशी सूर लागला. मोकला तिने चौथ्या दिवशी काढून टाकले.

कार्यक्रम संपले तरी ती मंगळवारी, शुक्रवारी सातव्या मजल्यावर जाते. गुडघे दुखतात, सहाव्यापुढे लिफ्ट नाही आणि वरचा जिना अंधारा आहे. क्वाय-जे तिच्याशी हसते, बोलते, जुन्या गोष्टी काढते. फक्त वाढण्याआधी दर वेळी एक करते. पिक-यूने पहिल्यांदा हात जोडले, दुसऱ्यांदा ती रडली, आता काही म्हणत नाही. क्वाय-जे तिला शेगडीपाशी बोलावते, झाकण उचलते, हाताने वाफ बाजूला सारते.

"बघ," ती म्हणते. "नीट बघून घे. मग वाढते."