बाळाचं जेवण आत आहे

आपल्याला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा चिहायाला आनंदाच्या आधी भीती वाटली. ऊवाजिमा या बंदराच्या गावातल्या नामिकाझे फुटबॉल क्लबची ती गोलकीपर. कितीतरी वर्षं सकाळी सुपरमार्केटच्या काउंटरवर उभं राहायचं आणि संध्याकाळी सरावाला पळायचं, असाच तिचा आणि बाकीच्या मुलींचाही दिवस जायचा. मग बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली, क्लबने सगळ्यांना पगारावर घेतलं आणि फुटबॉल हीच नोकरी झाली. ती नोकरी जरा कुठे अंगवळणी पडतेय तोच हे. क्लबमध्ये आजवर एकही आई खेळली नव्हती. लग्न ठरलं की मुली फुलांचा गुच्छ घेऊन, हसत फोटो काढून निरोप घ्यायच्या आणि पुन्हा मैदानाकडे फिरकायच्या नाहीत.

प्रशिक्षक कुरोइवाबाईंकडे ती माफी मागायलाच गेली. ऐन हंगामात संघाला अडचणीत टाकतेय, दुसरी गोलकीपर बघा, वगैरे सगळं तिने रात्रभर घोकून ठेवलं होतं. कुरोइवाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"तुला जायचंय, की जावं लागेल असं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

घोकलेल्यात हा प्रश्नच नव्हता. चिहाया हळूच म्हणाली, "मला खेळायचंय."

"मग बस. चहा घे."

एवढंच झालं. पुढे क्लबच्या माणसांनी आपसांत काय ठरवलं ते तिला कुणी सांगितलं नाही. पण पोट दिसायला लागल्यावर एक दिवस ती सरावाला गेली, तर कपडे बदलायच्या खोलीशेजारची जुन्या बुटांची अडगळ रिकामी केलेली, भिंती रंगवलेल्या, आणि एका कोपऱ्यात बाळासाठी नवी गादी. रंग कुणी दिला हे मुलींच्या नखांवरून कळत होतं.

खरा प्रश्न घरचा होता. चिहायाचा नवरा शिगेरु मालवाहू जहाजावर इंजिनियर. एकदा गेला की महिनोन्‌महिने समुद्रावर. घरात चिहाया आणि तिची सासू फुसाए. फुसाएचं बंदराजवळ छोटं दुकान होतं. मासे वाटून केलेल्या चपट्या वड्या ती तळून विकायची आणि गिऱ्हाइकांना वड्यांबरोबर दोन टोमणेही फुकट द्यायची. सून खेळायची त्या मैदानावर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. स्टेशनवर चिहायाचं मोठं चित्र लागलं, तेव्हा कोळणींनी कौतुक केलं, तर ही म्हणाली, "बॉल अडवते म्हणे. घरी तर साधं दार लावायचं लक्षात राहत नाही, मांजर येऊन मासा नेतं."

या सासूला, बाळंत झाल्यावरही मी खेळणार, हे आता चिहायाला सांगायचं होतं. दुकान बंद करायच्या वेळेला ती गेली आणि कढईकडे बघत एका दमात सांगून मोकळी झाली. फुसाएने कढईतला घाणा उलटला, निथळून काढला आणि म्हणाली, "दुपारनंतर मी दुकान बंद ठेवेन. बाळ मी बघेन. तुझ्या फुटबॉलसाठी नाही हं. नातवंड माझं आहे म्हणून."

मुलगी झाली. तिचं नाव सुझु ठेवलं. अंगात थोडं बळ आल्यावर चिहाया मैदानावर परतली, पण शरीर जणू दुसऱ्याच कुणाचं होतं. जो चेंडू पूर्वी डोळे मिटून अडवला असता, तो आता बोटांना हुलकावणी देऊन आत जायचा. उडी मारली की कंबर कुरकुरायची. तिच्या जागी आता मिनोरी खेळत होती. वीस वर्षांची, काटक, मांजरासारखी चपळ पोर. चिहायाला वाटलं होतं, आता ही आपल्याला टाळणार, जागा जाईल म्हणून धसका घेणार. घडलं उलटंच. सराव संपून सगळ्या गेल्या की मिनोरी चेंडूंची जाळी ओढत यायची आणि म्हणायची, "चिहायाताई, उभ्या राहा. थोडे मारते."

एकदा ओळीने सगळे चेंडू आत गेले आणि चिहाया गवतावर बसून रडायला लागली. तू कशाला वेळ घालवतेस माझ्यावर, असं तिने विचारलं. मिनोरी चेंडू गोळा करत होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "मी पहिल्यांदा आले तेव्हा उंच चेंडूला घाबरायचे. तुम्ही संत्री उंच फेकून मला झेलायला शिकवलंत. एकही संत्रं खाली पडू दिलं नाहीत. आठवतं?"

चिहायाला अजिबात आठवत नव्हतं. पण ती उठली आणि पुन्हा उभी राहिली.

वसंतात मिनोरीला तरुण मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. क्लबमध्ये नुसता आनंदीआनंद. त्या आनंदात एक गोष्ट जराशी उशिराच सगळ्यांच्या ध्यानात आली, की येत्या रविवारी गोलमध्ये चिहायाच उभी राहणार, आणि समोर लीगमधला सगळ्यांत बलाढ्य संघ.

त्या दिवशी सुझु घरीच राहायची होती. दूध काढून बाटलीत भरून ठेवलेलं. पण बाळाने बाटलीला तोंड लावायला साफ नकार दिला. फुसाएने गाणी म्हटली, बंदरावर फिरवून आणलं, बोटी दाखवल्या. पोर रडून रडून लाल झाली. शेवटी फुसाएने तिला पाठीशी बांधलं आणि छत्री घेऊन टेकडीवरच्या मैदानाकडे तरातरा चालायला लागली. ती पोचली तेव्हा मध्यंतराची शिट्टी नुकतीच झाली होती.

खेळाडूंच्या दारावर पिवळं जाकीट घातलेला एक माणूस उभा होता. त्याने अदबीने वाकून सांगितलं, "आजी, इथून फक्त खेळाडूंना सोडतात."

"मला कुठे यायचंय आत?" फुसाए म्हणाली. "या बाळाचं जेवण आत आहे. ते बाहेर पाठवा."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि वॉकी-टॉकीवर कुणाला तरी विचारू लागला. पलीकडच्यालाही असा काही नियम माहीत नव्हता. तेवढ्यात आतल्या बोळातून पाहुण्या संघाच्या मुली चालल्या होत्या. त्यांची कप्तान, ताडमाड उंच बाई, बाळाचा आवाज ऐकून थांबली. तिने दार उघडून धरलं आणि म्हणाली, "चला आजी, मी दाखवते." दारावरच्या माणसाने मान दुसरीकडे वळवली आणि छताकडे बघत उभा राहिला.

म्हणून त्या मध्यंतरात असं झालं, की नामिकाझेच्या खोलीत कुरोइवाबाई फळ्यावर बाण काढत होत्या, पण कुजबुजत. मुली घोटभर पाणी पीत होत्या, पण आवाज न करता. चिखलाने माखलेल्या चिहायाने हात धुतले होते आणि कुणाच्या तरी कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेली सुझु तिच्या कुशीत चुटुचुटु दूध पीत होती. एवढ्या मुलींमध्ये सासू आपल्याला काय बोलेल, या धास्तीने चिहायाने वर बघितलंच नाही. फुसाए मात्र तिच्या कोपराला झालेली जखम बघत होती. तिने आपला रुमाल ओला केला आणि ती जखम हळूहळू पुसून काढली.

उत्तरार्धात नामिकाझेने आधी गोल केला. मैदान दणाणलं. मग शेवटाकडे त्याच उंच कप्तानने लांबून एक साधा फटका मारला. चिहाया बरोबर जागेवर होती, चेंडू बरोबर हातात आला, आणि हातातून निसटून मागे गेला.

एवढं मोठं मैदान गपगार झालं. चिहाया गुडघ्यांवर तशीच राहिली. तिला वाटलं, झालं, एवढ्या सगळ्यांनी केलं ते या एका चेंडूत गेलं. आणि त्या शांततेत प्रेक्षकांतून, बंदरावर भाव ओरडून कमावलेला तो आवाज आला.

"चिहाया! ऊठ की! जमीन काय धरून ठेवलीस!"

आधी एक जण हसला, मग दहा हसले, मग कुणीतरी तिच्या नावाने टाळ्या धरल्या. चिहाया उठली. कप्तानने पुन्हा एकदा हाणला, या वेळी वरच्या कोपऱ्यात. चिहायाने झेप घेतली. बोटांची टोकं लागली, चेंडू आडव्या खांबावर आपटून बाहेर गेला. सामना बरोबरीत सुटला.

रिवाजाप्रमाणे संघ प्रेक्षकांपुढे रांगेत उभा राहून वाकला. बाकीच्या ताठ झाल्या तरी चिहाया वाकलेलीच होती. समोर पहिल्या रांगेत सुझुला मांडीवर घेऊन सासू बसली होती.

घरी जाताना टेकडीच्या उतारावर चिहायाने विषय काढला. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "आई, तुमचे उपकार मी—"

"गप," फुसाए म्हणाली. तिने सुझुला जरा वर सरकवून घेतलं. खाली बंदरात बोटी परतत होत्या. "शिगेरुचे बाबा गेले, शिगेरु जहाजावर गेला. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलं की माझाच खोकला मला ऐकू यायचा. तू आलीस, मळके मोजे टाकलेस, दारं उघडी टाकलीस, ही रडकी आणलीस. उपकार कुणाचे, ते मला नको शिकवू."

चिहायाने तिच्या हातातली छत्री घेतली. नाक ओढण्याचा आवाज दोघींपैकी कुणाचा, ते दोघींनीही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मिनोरी शिबिरातून परतली आणि कुरोइवाबाईंनी तिलाच खेळवायचं ठरवलं. चिहायाने तिचे हात हातात घेऊन ते घट्ट दाबले आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मनात कसलंही शल्य नव्हतं. आपल्याला याच बाकावर ठेवण्यासाठी किती माणसं राबली, याचाच विचार करत ती बसली होती. पण फुसाएला हे मुळीच पटलं नव्हतं. मासळीबाजारातल्या चार मैत्रिणी, तळलेल्या वड्यांचा डबा आणि सुझु यांच्यासह ती पहिल्या रांगेत येऊन बसली होती, आणि आमच्या सुनेला बसवून ठेवलंय म्हणून कुरोइवाबाईंच्या नावाने आजूबाजूच्यांना ऐकवत होती.

तेवढ्यात समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मिनोरी डावीकडे झेपावली आणि तिने चेंडू छातीशी धरला. सगळ्यांत आधी उठून उभी राहिली ती फुसाए.

"शाबास गं पोरी!" ती ओरडली, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला डब्यातली वडी देत म्हणाली, "घ्या, खा. हीसुद्धा आमचीच आहे."