काळं ओढणारं कापड

कापड काळं पडलं आणि सगळा हॉल एका सुरात ‘आऽऽ’ म्हणाला.

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल होता तो. एरवी तिथे गाद्या ठेवायचे, भिंतींना अजून फोमचा वास होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या मांडीवर पेंगुळलेलं पोर. पुढे स्टुलावर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा उघडा ठेवलेला. त्यावर शुभ्रकाकांनी बाटलीतून पाण्याचा फवारा मारला होता, वर पांढरं कापड दाबलं होतं आणि आता ते उचलून सगळ्यांना दाखवत होते. कापडाच्या मधोमध शाईसारखा काळा डाग.

“जल उघडतं, वस्त्र ओढतं,” शुभ्रकाका म्हणाले. “आणि मी कोण? मी काहीच नाही. मी म्हणजे नुसता टॉवेल!”

लोक हसले, काहींनी डोळे पुसले. टॉवेलला मात्र स्वतःची गाडी होती, ड्रायव्हर होता आणि अंगावर इस्त्रीची एक सुरकुती नव्हती.

“पुढच्या ताई या.”

पुढच्या ताई म्हणजे माझी वहिनी. दादाने तिच्या दंडाला धरून तिला उठवलं. तिने चप्पल काढली आणि डावी टाच स्टुलावर ठेवली. टाचेच्या कडेला तो डाग होता. वेडावाकडा, करवंटीच्या तुकड्याएवढा, कडेला तपकिरी आणि मध्ये काळाकुट्ट.

फवारा. कापड. शुभ्रकाकांनी डोळे मिटून ओठ हलवले. कापड उचललं तर त्यावर काजळी फासल्यासारखा काळा गोळा. दादाला रडू फुटलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती कापडाकडे बघतच नव्हती. खिडकीबाहेर कुठेतरी पाहत होती.

*

वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. मी तिची नणंद, गाडी चालवायला शिकवते. आमच्या घरात देवधर्मापेक्षा वादच जास्त व्हायचे आणि त्यात वहिनी नेहमी जिंकायची. ‘पुरावा दाखव’ हे तिचं ठरलेलं वाक्य. दादा चष्म्याचं दुकान चालवतो, तो म्हणायचा, “हिला लग्नाचं विचारलं तेव्हाही हिने पुरावाच मागितला होता.”

काही वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला. एक स्तन काढला. केमो झाली, केस गेले, नखं काळी पडली, जिभेची चव गेली. ती सगळ्यातून उठली. परत शाळेत गेली तेव्हा मुलांनी फळ्यावर तिचं चित्र काढून ठेवलं होतं, टक्कल असलेलं. ती इतकी हसली की मुलंच घाबरली. दरवेळची तपासणी नीट येत गेली आणि आम्ही सगळे हळूहळू तो शब्द विसरलो.

मग टाचेवर डाग दिसला. बूट चावला असेल, असं तीच म्हणाली. बूट बदलले. डाग गेला नाही, वाढला. तुकडा काढून तपासला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

“हा मेलानोमा आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.”

“म्हणजे जुना परत आला?” दादाने विचारलं.

“नाही. जुना परत आलेला नाही. हा वेगळा आहे.”

ते ऐकून वहिनी हसली. फार वाईट हसली. “म्हणजे पहिल्याची परीक्षा मी पास झाले,” ती म्हणाली, “आणि शाळेने दुसरा पेपर हातात ठेवला.”

बाईंनी सगळं समजावलं. टाचेचा तो भाग खोलवर कापायचा, मांडीची त्वचा काढून तिथे लावायची, रोग पसरलाय का ते बघायला जांघेतली एक गाठ काढून तपासायची. त्यावर पुढचं ठरणार. लवकर करायचं, इतकंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. वहिनी मान हलवत होती. घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा अंगावर एक थेंबही पाणी नव्हतं.

“मला पुन्हा कापून घ्यायचं नाही,” ती म्हणाली.

मी रोज शिकाऊ माणसांबरोबर बसते. घाबरलेला माणूस ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की ओरडायचं सोडून दिलंय. दादाने तेच केलं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने शुभ्रकाकांचं नाव सांगितलं, आणि जो माणूस नंबर तपासल्याशिवाय कुणाला भिंग देत नाही, त्याने एका शब्दावर बायकोला त्या हॉलमध्ये नेलं.

*

दुसऱ्या बैठकीला कापड करडं पडलं. त्यानंतरच्या बैठकीला नुसतं मळकट. “पाहा, विष उतरतंय,” शुभ्रकाका म्हणाले. “आता एकच पथ्य. लोखंड लागू द्यायचं नाही. सुरी भाजीसाठी असते, माणसासाठी नाही. सुरी लागली की उरलेलं विष धावत सुटतं.”

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. दवाखान्यातून फोन आले, दादाने उचलले नाहीत. मी भांडले.

“दादा, टाचेवरचा डाग तसाच आहे! कापड पांढरं झालं म्हणून तिचा पाय बरा झाला का?”

“तुला काय जातं बोलायला?” तो ओरडला. “तेव्हा तिचं डोकं तू धरलं होतंस का उलटी होताना? मी धरलं होतं. मला नाही बघवणार परत.”

त्याचं खोटं नव्हतं. वहिनी आतल्या खोलीत पडून होती. मी जाऊन तिच्या पायाशी बसले.

“वहिनी, तू तरी सांग. तू पुरावा मागणारी.”

“चिमणे,” ती म्हणाली, “मला जरा नुसतं बसू दे ना. तिथे मला फक्त बसायचं असतं.”

*

शेवटच्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर गेले. त्या दिवशी गर्दी जिन्यापर्यंत होती. वहिनीच्या टाचेवर फवारा झाला, कापड दाबलं, उचललं. पांढरं! टाळ्या पडल्या. दादाने हात जोडले. आणि स्टुलावरच्या टाचेवर तो काळा डाग होता तसाच बसला होता, कुणी ढुंकूनही न बघितल्यासारखा.

“काका,” मी उठून म्हणाले, “माझ्या हातावर करा ना एकदा.”

“तुम्हाला काय होतंय?”

“काहीच नाही. म्हणूनच.”

शुभ्रकाकांनी माझ्याकडे बघून घेतलं, मग हसले. त्यांनी टेबलाखालून दुसरी बाटली काढली. माझ्या मनगटावर फवारा मारला, नवं कापड दाबलं. उचललं तर काळंभोर. वहिनीच्या पहिल्या दिवसापेक्षा काळं.

मला वाटलं होतं, पकडला. पण धंदेवाईक माणूस तो. त्याने माझा हात सोडला नाही. आवाज एकदम खाली आणला.

“पोरी, तुला माहीत नव्हतं ना? तुझ्यातही बीज आहे. घरात एकीला असलं की दुसरीला धरतं. देवाने तुला वेळेवर पाठवलं. उद्यापासून यायचं.”

खरं सांगते, मी दुसऱ्या हाताने ते मनगट घासून पुसायला लागले. सगळं कळत असूनसुद्धा. दादाचा चेहरा पांढराफटक झाला. मागच्या रांगेतल्या एका बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘आई गं’ म्हटलं.

आणि वहिनी उठली. अनवाणी, एका पायावर लंगडत.

“तिचा हात सोडा,” ती म्हणाली.

“ताई, तुम्ही बसा, तुमचं शुद्धीकरण...”

“सोडा म्हटलं ना!” वर्गातला आवाज होता तो. शुभ्रकाकांच्या हातून माझं मनगट सुटलं. वहिनीने त्यांनी माझ्यासाठी काढलेली ती बाटली उचलली, प्लास्टिकच्या खुर्चीवर फवारा मारला आणि ढिगातलं एक कापड घेऊन वर दाबलं. उचलून लोकांना दाखवलं. काळं.

“खुर्चीलाही कॅन्सर झालाय का?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. शुभ्रकाका म्हणाले, “त्या खुर्चीवर किती रोगी बसून गेलेत, तिने त्यांचं...”

“बरं.” वहिनीने कोपऱ्यात बसलेल्या शुभ्रकाकांच्या सेविकांचा थर्मास घेतला. त्यात कोरा चहा होता. तिने तो काचेच्या ग्लासात ओतला, वर धरला. छान तांबूस. मग बाटलीचं टोपण काढून ते ‘जल’ त्यात ओतलं. आमच्या डोळ्यांदेखत चहाची शाई झाली.

“मग हा चहाही रोगी आहे का?” वहिनीने विचारलं. आता मात्र हॉल हसला नाही.

“या पाण्यात लोहाचा क्षार विरघळवलाय. कापड चहात असतं तसल्या तुरट द्रव्यात भिजवून वाळवलंय, म्हणून ते नीट बघितलं तर पिवळट दिसतं. दोन्ही एकत्र आली की काळी शाई होते. पूर्वी अशीच शाई करायचे. पहिल्या दिवशी बाटलीत लोह जास्त, मग कमी, मग नुसतं नळाचं पाणी. म्हणून विष उतरतं. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी हे करून दाखवते.”

“दरवर्षी?” दादा पुटपुटला. “म्हणजे तुला...”

“पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

शुभ्रकाका तोवर बाटल्या पिशवीत भरायला लागले होते. ‘श्रद्धा नसेल तिथे जल काम करत नाही’ असं काहीतरी म्हणत ते मागच्या दाराने जिना उतरले. काही लोक त्यांच्यामागे धावले, अडवायला नव्हे, पाया पडायला. ‘आई गं’ म्हणणारी बाई मात्र आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिच्या नवऱ्याचं कापड होतं, करडं पडलेलं.

“तुमचं ठीक आहे हो,” ती म्हणाली. “पण आता आम्ही कुणाकडे बघायचं?”

वहिनीने बाईचा हात धरला आणि दोघी तिथेच रिकाम्या खुर्च्यांत बसून रडल्या.

*

परतताना दादा गाडी चालवत होता. मीच विचारलं. “कळलं होतं तर का येत राहिलीस?”

“त्या स्टुलावर पाय ठेवला की तेवढा वेळ मला कुणी कापणार नव्हतं,” वहिनी म्हणाली. “मला वाटायचं, मी अडाणी असते तर किती बरं झालं असतं. मग वाटलं, असू की. कुणाचं काय बिघडतंय? स्वतःपुरतं मी मरायलाही तयार होते बहुतेक. पण त्याने तुझा हात धरला, आणि तुझं तोंड पाहिलं मी. असंच तोंड करून तू रात्रंदिवस जगली असतीस, काही झालेलं नसताना. ते मला सहन झालं नाही.”

दादाने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो म्हणाला, “मला माफ कर.” तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण ‘ठीक आहे’ म्हणाली नाही. ठीक नव्हतंच.

ऑपरेशन झालं. जांघेतल्या गाठीत रोगाच्या पेशी सापडल्या. दादाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आधीच आलो असतो तर?” त्या म्हणाल्या, “तर गाठ स्वच्छ असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वाट बघून तुमचा फायदा झाला नाही, एवढं नक्की.” एवढं प्रामाणिक उत्तर शुभ्रकाकांनी आयुष्यात कुणाला दिलं नसेल. खरं उत्तर ऐकायला जड असतं, म्हणून तर त्यांचा हॉल भरतो.

आता वहिनीला सलाईनमधून औषध देतात. कधी अंगावर पुरळ उठतं, कधी दिवसभर डोळे उघडवत नाहीत. पुढे काय होईल, कुणी सांगत नाही. ती काठी घेऊन चालते. काही दिवशी भिंतीकडे तोंड करून पडते आणि आम्ही तिला उठवत नाही.

शुभ्रकाका दुसऱ्या कुठल्यातरी गावी गेले, असं कळलं. तुमच्याही गावी येतील. म्हणून एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, ज्याला काही झालेलं नाही त्याच्यावर हाच प्रयोग केला तर काय होईल? एवढा एक प्रश्न भल्याभल्यांचा बाजार उठवतो. अंगावरचा डाग आकार किंवा रंग बदलत असेल तर डॉक्टरला दाखवा, तळव्यावरचासुद्धा. आणि घरातलं थकलेलं माणूस अशा दारात जाऊन बसलं, तर त्याला अडाणी म्हणू नका. शेजारी जाऊन बसा, त्याला कशाची भीती वाटते ते विचारा, आणि मग हात धरून दवाखान्यात घेऊन जा. भीती वाटणं हा गुन्हा नाही. आम्हालाही वाटते. आम्ही भीतीसकट जातो.