दोन नाणी आणि माझा डोळा

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात आम्ही तिघी. थोरली, टिपटॉप आणि मी. दर शनिवारी एकीला मागे थांबून कटिंग मशीन पुसावं लागतं आणि कागदाची कातरणं पोत्यात भरावी लागतात. कोणी थांबायचं ते दोन नाणी उडवून ठरतं. दोन्ही छापे पडले तर थोरली, दोन्ही काटे पडले तर टिपटॉप, एक छापा एक काटा पडला तर मी. अकरा वर्षं हेच चाललंय, आणि महिन्यातले दोन शनिवार तरी मीच थांबतेय.

माझं नशीबच फुटकं, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "शंभरातली अठ्ठ्याण्णव ऑपरेशनं व्यवस्थित होतात." मी पर्स उचलली आणि घरी आले. उरलेल्या दोनांत मी असणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आता डावा डोळाही धुरकटायला लागला होता. गेल्या आठवड्यात पाचशे वह्यांची कड वाकडी कापली. मालक ओरडले नाहीत. "पुढच्या महिन्यापासून मशीनवर दुसऱ्या कोणाला तरी बसवू," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझी भाची शिकायला माझ्याकडे राहते. रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते आणि ती गणिताची वही घेऊन समोर बसली होती.

"मावशी, दोन नाणी उडवली तर एक छापा एक काटा यायची शक्यता किती?"

"तीनात एक. दोन छापे, दोन काटे, नाहीतर एकेक. झाले तीन."

"चूक. निम्मी."

"काय निम्मी! अकरा वर्षं नाणी उडवतेय मी. तू काल शिकलीस."

तिने एका नाण्यावर लाल पेनाने ठिपका काढला. "लाल छापा, साधा काटा. लाल काटा, साधा छापा. हे एकच की वेगळं?"

मी दोन्ही नाणी उलटसुलट करून पाहिली. "वेगळं."

"दोन छापे, दोन काटे आणि हे दोन. एकूण चार. त्यातले दोन 'एकेक'चे."

मी एवढ्यावर ऐकणाऱ्यातली नाही. तिला चाळीस वेळा नाणी उडवायला लावली. एकवीस वेळा एकेक आलं. मी भाजी बाजूला ठेवली आणि शनिवारची सगळी हकिगत तिला सांगितली.

"पण ही वाटणी केली कोणी?"

"मीच," मी म्हणाले. पहिल्याच दिवशी बाकीच्या दोघींच्या आधी ओरडून 'एकेक' मी मागून घेतलं होतं. आपल्याला काय हुशारी सुचली म्हणून दिवसभर खूशही होते.

पोरगी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. माझा राग एरवी नाकावर असतो, पण त्या दिवशी तो आलाच नाही. केवढं हलकं वाटलं! माझ्या नशिबाला काहीही झालेलं नव्हतं. मी गणितात ढ होते, बास. ढ असल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"मग ते शंभरातले दोन?" मी हळूच विचारलं.

"असतील कोणीतरी. ते तूच, असं कोणी लिहून ठेवलंय?"

"भीती वाटते गं."

"वाटू दे. मी येते बरोबर."

सोमवारी डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, "हे बघा, शंभरातली अठ्ठ्याण्णव..."

"ते मला पाठ आहे," मी म्हणाले. "तारीख सांगा."

ऑपरेशननंतर आठवड्याने त्यांनी मला तक्त्यासमोर बसवलं आणि डावा डोळा झाकला. मी वरच्या मोठ्या अक्षरापासून अगदी खालच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचत गेले.

"छान, पुरे," डॉक्टर म्हणाले.

"थांबा, अजून एक ओळ राहिली," मी म्हणाले, आणि तक्ता कुठल्या छापखान्यात छापला तेही वाचून दाखवलं. डॉक्टर उठले, चष्मा सावरून तक्त्याला नाक लावलं, आणि हसायला लागले. मी मात्र त्या खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं.