घराकडची बाजू

माधव नगरात विनायकरावांच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोरपंखीचं एकेक झाड होतं. रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून उज्जैनला बदली होऊन त्यांनी घर बांधलं, तेव्हा नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, मोरपंखी एकटी लावू नका, जोडीनंच लावा. विनायकरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की निवृत्तीनंतर त्यांना दुसरं कामच उरलं नाही. एका झाडानं जरा डोकं वर काढलं, की दुसऱ्याशी ताडून पाहत ते कात्री चालवत.

परीक्षा जवळ आल्या की गल्लीतली पोरं पान तोडायला येत. पुस्तकात ठेवलं की विद्या येते म्हणे. विनायकराव त्यांना पिटाळून लावत. "आमच्या सुमीतनं पुस्तकभर पानं कोंबली होती, तरी गणितात गचकलाच!" सुमीत पुढे बँकेत चिकटला, हे मात्र ते सोयीस्कर विसरत.

सुमीतच्या बायकोनं, मानसीनं, टावर चौकाजवळ फुलांचं दुकान काढलं होतं. लग्नाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, आणि आदल्या संध्याकाळी इंदूरच्या व्यापाऱ्यानं हात वर केले.

"बाबा, हिरवा माल येतच नाहीये," मानसी म्हणाली. "सगळे गुलदस्ते मोरपंखीवर बांधायचे ठरलेत. आपली थोडी काढू का? मागून काढीन, पता पण नाही चालणार."

"हात लावायचा नाही! जुन्या लाकडाला फुटवा येत नाही. एकदा बोडकी झाली की जन्माची बोडकी. तुझं दुकान काय, आज आहे, उद्या..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण जे कळायचं ते तिला कळलं होतं. त्यांच्या बायकोनं, अलकाताईंनी, भाजीचं पातेलं जरा जोरातच ठेवलं.

"ठीक आहे, बाबा. देखते, काही तरी करते," मानसी म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं विनायकरावांना वाटत राहिलं.

सकाळी ते पोहे खायला टावर चौकात गेले. समोरच मानसीचं दुकान. तिनं गुलाबांमागे अशोकाची पानं लावली होती, आणि नवरीची आई एक गुलदस्ता नाकासमोर धरून उभी होती.

"ये गुलदस्ता है कि दरवाज़े का तोरण? शाम तक ठीक नहीं हुआ तो हम कहीं और से ले लेंगे."

"हो जाएगा आंटी, सब बदल दूँगी," मानसी हसून म्हणाली. बाई गेल्या, तशी ती भिंतीकडे वळली. दोन्ही हातांत देठ होते, म्हणून तिनं डोळे कोपरानं पुसले.

काल गिळलेलं वाक्य विनायकरावांना आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. बशी तशीच ठेवून ते घरी आले आणि कात्री काढली.

"अहो, हे काय करताय?" अलकाताई धावत आल्या.

"जोडीनंच कापतोय, घाबरू नकोस."

घराकडच्या बाजूनं त्यांनी दोन्ही झाडं सारखीच उघडी केली. माप कुठेही चुकलं नाही. दोन पोती भरली आणि ऑटोत घालून दुकानात नेली. मानसीनं पोत्यात डोकावून पाहिलं.

"बाबा, दोन्ही झाडं?"

"एकालाच कापलं असतं तर दुसरं रुसलं असतं. पाणी शिंपड आधी, सुकतील."

दिवसभर ते स्टुलावर बसून तुरे निवडत राहिले. संध्याकाळी नवरीच्या आईनं गुलदस्ते नेले, आणि जाताना धाकटीच्या साखरपुड्याचंही बोलून गेली.

रस्त्यावरून पाहिलं तर झाडं अजून भरगच्च दिसतात आणि येणारेजाणारे वाखाणतात. घराकडून मात्र नुसत्या तपकिरी काड्या आहेत. तिथे वेल चढवू या, असं अलकाताई सुचवून दमल्या. विनायकराव ऐकत नाहीत. संध्याकाळी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या काड्यांसमोरच बसतात. पलीकडच्या पातळ हिरव्या जाळीतून आता वळणापर्यंतचा रस्ता दिसतो. मानसीची स्कूटी वळली रे वळली, की ते आत हाक मारतात, "अलका, चहा टाक, दुकानवाली आली!"