जोडीची नोकरी

मोहनाचं लग्न झालं ते साल १९९४. मे महिन्यात पोर वाघोडियाला सासरी गेली आणि सप्टेंबरात सुरतेला प्लेग आला. आयुष्यात कधी स्वतःच्या दारातल्या गटाराकडे न पाहिलेले साहेब लोक नाकाला रुमाल बांधून गटारं तपासत फिरू लागले.

मोहनाचे आईबाप, विमल आणि भिवा, बडोद्याजवळच्या एका नगरपालिकेत सफाईला होते. नगरपालिकेचं नाव लिहीत नाही. एकीचं लिहिलं तर बाकीच्या सुटल्यासारख्या होतील.

तिथं एक रीत होती, तिला सगळे जोडी म्हणत. नवऱ्यानं काही महिने काम करायचं, मग त्याला घरी बसवून त्याच जागी बायकोचं नाव लावायचं. पुन्हा काही महिन्यांनी बायको घरी, नवरा कामावर. या पाळीला तिकडं वारो म्हणत. सलग नोकरी कुणाचीच होऊ द्यायची नाही, म्हणजे कायम कुणालाच करावं लागत नाही. कायदा याला अनुचित प्रथा म्हणतो. पालिकेत याला सोय म्हणत. आणि माणसं इतकी भोळी, की पहिल्यांदा नाव लागलं तेव्हा विमल सुभानराव मुकादमाच्या पाया पडली होती. काम घरातच राहिलं, दुसरीकडे गेलं नाही, याचाच तिला आनंद. मोहना रांगायची तेव्हापासून ती लग्न होऊन जाईपर्यंत दोघं हंगामीच राहिली.

शेवटी युनियननं भांडण काढलं. दोन्ही बाजूंनी मिळून लवाद नेमला, मजूर खात्यातून निवृत्त झालेले, बडोद्याच्या रावपुऱ्यातले सदानंदराव. ते देतील तो निवाडा. सदानंदराव भला माणूस. पालिकेच्या वकिलानं तारीख मागितली की ते देत. भल्या माणसांनीच तर तारखा दिल्या.

नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. सकाळी सुभानराव लुना फटफटवत विमलच्या दारात आला.

"विमल, चौकातलं गटार तुंबलंय. गरबा तिथंच आहे. साहेब डोकं खातायत."

"मग मी उतरू का आत?"

"तू कशाला? भिवा आहे ने घरात. उठलाय का आमचा राजा?"

भिवा मोरीपाशी दात घासत होता. "वारो तिचा आहे, मुकादम. माझं नाव कुठं आहे आत्ता?"

"नावाला कोण उतरवतंय? तू उतर. का पुढच्या वाऱ्याला घरी बसायचंय?"

भिवानं चूळ भरली आणि हसला. "बघ विमल, नाव तुझं आणि वास माझा." तो निघाला. खराटा घेऊन विमल मागोमाग.

झाकण काढलं. दोर नाही, मुखवटा नाही, काही नाही. भिवा कमरेपर्यंत उतरला, मग त्याचं डोकं दिसेनासं झालं. विमलनं हाक मारली. पुन्हा मारली. खालून उत्तर आलं नाही. सुभानरावाची लुना कधी निघून गेली ते कुणी पाहिलं नाही.

चौकात गरब्याचा मांडव उभा राहत होता. विमल धावत तिथं गेली. "दोर द्या हो, माझा माणूस आत आहे!"

मांडवातला एकजण मागं सरकला. "आघी रहे, बेन, लांब राहा. हा दोर माताजीच्या मांडवाचा आहे. गटारात कसा घालायचा?"

दहा जण उभे होते. दोर पायाशी पडला होता. एकही जण वाकला नाही. बडोद्याहून बंब आला तोवर सगळं संपलं होतं.

युनियननं भिवाचं मरणही लवादापुढं नेलं, तेव्हा पालिकेनं लेखी म्हणणं दिलं. त्या दिवशी नोकरी विमलची होती. भिवा दारू पिऊन आपल्या मर्जीनं उतरला. पालिकेचा संबंध नाही. आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी सुभानराव पुन्हा विमलच्या दारात आला.

"साहेबांनी निरोप दिलाय. मर्जीनं उतरला, एवढं बोल. तुला कायम करतात. क्वार्टर, पेन्शन, सगळं."

"आणि नाही बोलले तर?"

"तर तुझाही वारो संपला समज."

मोहना माहेरी आलेली होती. मुकादम गेल्यावर ती आईजवळ बसली. "आई, हो म्हण ने. बाबा काय परत येणारेत? तू उद्या खाशील काय?"

विमल उठून चुलीकडे गेली.

सुनावणी सदानंदरावांच्या बैठकीत होती. वकील खुर्चीवर, सुभानराव त्याच्यामागं. विमल ओट्यावर. हाक आली तेव्हा ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

वकिलानं विचारलं, "विमलबेन, त्या दिवशी नोकरीवर कोण होतं? तुम्ही की तुमचे मिस्टर?"

"नाव माझं होतं."

"म्हणजे मिस्टर नव्हते."

"तुमच्याकडं सूनबाई आजारी पडली आणि स्वयंपाक तुमच्या बायकोनं केला, तर तुम्ही जेवलाच नाही म्हणाल का, साहेब?"

सदानंदराव चुळबुळले. "बाई, विचारलंय तेवढंच सांगा."

"तेवढंच सांगते. हा मुकादम काल घरी आला होता. मला कायम करतो म्हणाला. मी नवऱ्याला दारुडा म्हणायचं. त्यानं जन्मात थेंब घेतला नाही." तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं त्याच्या जागी माझं नाव लावलंत, मी लावू दिलं. पाया पडले. आता त्याच्या मरणाला माझं खोटं लावताय. ही जोडी मी लावणार नाही. ठेवा तुमची नोकरी!"

सुभानराव भिंतीकडे पाहत राहिला.

निवाडा आला. जोडीची रीत अनुचित आहे, ती बंद करावी, असं सदानंदरावांनी लिहिलं. भिवाचा मृत्यू मात्र आपल्या कक्षेबाहेर ठेवला. पालिका वरच्या कोर्टात गेली आणि रीत चालूच राहिली. विमलचा वारो पुन्हा आला नाही. ती आता पादरा गावच्या बाजारात भाजी निवडायला जाते.

दर नवरात्रात त्याच चौकात गरबा होतो. जे कुणी नाचतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या पायाशी दोर पडला होता त्यांच्यासाठी, निवाड्यात जे आलं नाही ते इथं लिहून ठेवलं पाहिजे. भिवा लहानू सोनवणे, नगरपालिकेचा सफाई कामगार, ३ ऑक्टोबर १९९४ रोजी सकाळी, पालिकेच्या कामावर असताना मेला.