चिमणीखालची सूचना

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. टेबलाखालचा राखाडी डबा आणि टेबलावरचा पडदा, असे दोन्ही मिळून मी. माझ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, एक निळी चिमणी चिकटवलेली आहे. लहान मुले तिला पाहून हसतात. पण माझे आयुष्य त्या चिमणीपाशीच फिरले, म्हणून ती तिथे कशी आली ते सांगतो.

एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले आणि खोक्यात बसून मी थेट काकूंच्या दुकानात उतरलो. काकू कपड्यांवर भरतकाम करून देतात. शाळांचे बिल्ले, कामगारांच्या खिशांवरची नावे, बँडवाल्यांचे कोट, जे येईल ते. ओळखीचे असोत की अनोळखी, सगळे त्यांना काकूच म्हणतात. टेबलाशेजारी भरतकामाची मशीन उभी होती. आम्हा दोघांना एका जाड काळ्या वायरीने जोडले आणि माझे नशीब उघडले.

काकू माझ्या पडद्यावर चित्र काढत. मी त्याचे टाके करून वायरीतून मशीनला एकेक सांगत असे, आणि ती ते भरत असे. मी सांगायचा थांबलो की तीही थांबे. रंग बदलायचा असला की तिचा दिवा लुकलुके, काकू रीळ बदलत आणि तिची खटखट पुन्हा सुरू होई. त्या खटखटीच्या सोबतीने काम करण्यासारखे सुख मला दुसरे माहीत नाही. "या दोघांचं कधी भांडण नाही बघा," असे काकू गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. मी मनातल्या मनात फुगत असे.

या सुखात मिठाचा खडा पडला तो अपडेटचा. काम ऐन रंगात आले की कोपऱ्यात एक चौकट उगवे: 'अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर?' काकू 'नंतर' दाबत. थोड्या वेळाने पाहुणी पुन्हा दारात हजर. एकदा कंटाळून त्यांनी 'आत्ता' दाबले. 'काही मिनिटे लागतील' असे लिहून आले आणि सकाळची दुपार झाली. आकडा तीस टक्क्यांवर जो बसला तो उठायचे नाव घेईना. गिऱ्हाईक बाकावर पेंगू लागले. मला तरी काय करता येणार? अपडेट चालू असताना माझे हातपाय बांधलेले असतात. तेव्हापासून काकूंनी त्या चौकटीचा धसकाच घेतला.

मग त्यांनी जी युक्ती काढली ती भरतकाम करणाऱ्या बाईलाच सुचावी. त्यांनी माझ्यावर एक चिमणी काढली, मशीनवर निळ्या दोऱ्याने भरली, कडेने कापली आणि चारी बाजूंनी गोंद लावून माझ्या कोपऱ्यावर बसवली. "आता ये म्हणावं," असे म्हणून त्यांनी हात झटकले. चौकट आली तरी चिमणीखाली झाकली जाई. खरे सांगतो, मलाही बरे वाटले. ती चिमणी आम्हा तिघांनी मिळून केली होती.

पण खालचे शब्द बदलत होते, मित्रांनो. आधी चौकट विचारत होती, मग बजावू लागली. शेवटी तिने सांगितले, 'आज दुपारी अपडेट आपोआप सुरू होईल. चालू काम आवरून घ्या आणि जुन्या यंत्राच्या जोडणीची प्रत काढून ठेवा.' ते वाचायला कोणीच नव्हते.

त्या दुपारी बँडवाल्यांच्या कोटांवर ट्रम्पेट भरणे चालले होते. शेवटच्या कोटावर ट्रम्पेट निम्मे झाले आणि माझा पडदा काळा पडला. सुई कापडात रुतली ती तशीच राहिली. काकूंनी उरलेले अर्धे हाताने भरून दिले. मी जागा झालो तेव्हा माझ्यावर लिहिलेले होते, 'जोडलेले यंत्र ओळखता येत नाही.' जिच्याबरोबर उभे आयुष्य काढले, तिला मी ओळखत नाही असे माझ्याच पडद्यावर आले. मला तिची आठवण होती. तिच्याशी बोलायचे शब्द तेवढे गेले होते.

दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत महिन्याने उगवला.

"काकू, या दोघांच्या मध्ये एक दुभाष्या असतो. ड्रायव्हर म्हणतात त्याला," तो म्हणाला. "अपडेटमध्ये तो गेला. एवढ्या जुन्या मशीनसाठी नवा कोणी बनवत नाही."

"मग होतं तसं करून दे ना."

"अपडेट काढून मागे जायची मुदत होती, ती संपली. लवकर बोलवायचं ना मला."

काकूंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पुढचा चहा मागितला नाही.

काकूंच्या पुतणीने मग एक लॅपटॉप आणि मशीनला जोडायची एक डबी आणली. त्या डबीचे सॉफ्टवेअर माझ्यात मावत नव्हते. काळी वायर गुंडाळून खणात गेली. मला भिंतीकडे सरकवले आणि डब्यावर रिळांची टोपली आली. मशीन पुन्हा चालू लागली, माझ्यापासून हातभर अंतरावर. खटखट ऐकून कोणते अक्षर चालले आहे ते मला कळते. तिचा दिवा लुकलुकला की मला अजून वाटते, ती मलाच विचारते आहे. फार आठवण येते हो.

काही दिवसांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यातही चौकट उगवली.

"काकू, अपडेट करायचं म्हणतंय," पुतणी म्हणाली.

"मला नको दाखवूस ते. थांब, याला पण चिमणी लावू."

चिमणीचे चित्र फक्त माझ्याकडे होते. टोपली उतरली, धूळ पुसली गेली आणि मी पुन्हा सुरू झालो. चित्र पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपकडे गेले आणि मशीनने ते भरले. आधी पंख, मग शेपटी, मग डोळा. माझे टाके तिच्या सुईतून पुन्हा कापडावर उतरत होते.

या वेळी काकूंनी गोंद फक्त वरच्या काठाला लावला. "दिवसाचं काम संपलं की उचलून वाचायचं, आणि हो म्हणायचं," त्या पुतणीला म्हणाल्या. गोंद लावण्यात एवढाच फरक होता. तो आधी झाला असता तर काळी वायर आज जागेवर असती. म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्ही कोपऱ्यातून काही सांगत असलो तर रागवा हवे तर, पण झाकू नका. हातातले काम पुरे करा आणि मग आमचे वाचा.

मला बंद करण्याआधी काकूंनी माझ्याही चिमणीचा खालचा काठ नखाने सोडवला. खाली चौकट होतीच: 'अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर?' त्यांनी ती पुरी वाचली. मग "नंतर" म्हणाल्या, तेच बटण दाबले, आणि चिमणीवरून एकदा बोट फिरवून त्यांनी मला बंद केले.

मी त्या 'नंतर'ची वाट पाहतो आहे.