गहिनीनाथच्या नावावरची पावलं

“बारा हजार आठशे पावलं! आणि ही रोजची बरं का!” योगितानं मोबाईलमधला आकडा मोठ्यानं वाचला, तशी उपकेंद्राच्या ओट्यावरची सगळी मंडळी गहिनीनाथकडे बघायला लागली. गहिनीनाथनं मिशीवरून हात फिरवला. भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या बायकोनं, वनमालानं, मात्र पदर पुढे ओढून मान खाली घातली.

योगिता उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी. एका संस्थेनं गावातल्या दहा शुगरवाल्यांना मनगटात बांधायचे पट्टे दिले होते. पट्टा दिवसभराची पावलं मोजायचा आणि दर पंधरा दिवसांनी योगिता ती मोबाईलवर उतरवून घ्यायची. तीन महिने झाले, पहिला नंबर गहिनीनाथनं सोडला नव्हता.

महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर त्या दिवशी आले होते, ते कागद बघून कोड्यात पडले.

“एवढं चालताय काका, मग उपाशीपोटी साखर दोनशे साठ कशी?”

“आता तुमीच सांगा डॉक्टर. मी तर गोळी एक टाइम चुकवत न्हाई.”

ते मात्र खरं होतं. गोळ्या तो घड्याळ लावून घ्यायचा.

“गोळी साखर उतरवते आणि चालण्यानं पायात रक्त खेळतं राहतं. दोन्ही मिळून नसा वाचतात, डोळे वाचतात, किडनी वाचते. तुमचं चालणं भरपूर आहे. म्हणजे औषधच कमी पडतंय.” डॉक्टरांनी दोन गोळ्यांच्या तीन केल्या आणि पुढच्या महिन्यात इन्सुलिनची सुई सुरू करू म्हणाले.

मग योगितानं गहिनीनाथला खाटेवर झोपवून डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं टोक तिनं त्याच्या तळव्याला टेकवलं.

“कळतंय का काका?”

“कळतंय.”

“आता?”

“कळतंय की!”

दुसऱ्या वेळी दोरा पायापासून चांगला वीतभर लांब होता. वनमालानं ते बघितलं. योगितानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि वनमालाकडे एकवार पाहिलं.

गहिनीनाथनं एकतीस वर्षं एसटी चालवली होती. धारूरचा घाट उतरताना ब्रेक किती दाबायचा ते पायालाच कळतं, डोक्याला विचारावं लागत न्हाई, असं तो सांगायचा. निवृत्त झाला आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. दिवाळीनंतर पट्टा मिळाला तेव्हा दोन दिवस तो इमानदारीत चालायला गेलाही होता. पण खेड्यात रिकामं चालणाऱ्या माणसाची धडगत नसते. रानात निघालेला कळतो, लग्नाला निघालेला कळतो, अगदी भांडायला निघालेलाही कळतो. नुसताच निघालेला कुणाला कळत नाही. चहाच्या हॉटेलवर बसलेल्या आसारामनं हाळी घातली, “काय बे डायव्हर, गाडी हुकली का?” सगळं हॉटेल खदखदून हसलं. तिसऱ्या दिवशी पट्टा वनमालाच्या मनगटावर चढला.

“तू तर दिसभर कापसात फिरतीस. पावलं ती पावलं. कोण बघायलंय?”

तिनं तो बांगड्यांच्या आत दडवला. उपकेंद्रात जायच्या दिवशी तेवढा तो त्याच्या मनगटावर जायचा. खोटं कशाला बोला, सुरुवातीला तिला थोडं बरंही वाटलं. जन्मभर ती चालली, पण किती चालली हे कुणी कधी मोजलं नव्हतं. आता मोजलं जात होतं, भले त्याच्या नावावर का होईना. पण त्या दिवशी उपकेंद्रातून येताना परत चढवलेला पट्टा तिला मनगटात रुतायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं न्हाणीत पाणी काढून दिलं. थंडी कडाक्याची होती. गहिनीनाथ दगडावर बसला, दोन्ही पाय त्यानं घमेल्यात सोडले आणि ओरडला, “आगं, गारच हाय की हे! अजून तापव!”

वनमालानं घमेल्यात हात घातला आणि चटका बसून तसाच मागे ओढला.

“आवो, काढा पाय! भाजतंय की!”

“कुठं भाजतंय? उलट बरं वाटायलंय. पायाची आग हुयाची बघ, रातरात झोप न्हाई यायची. ती पार थांबली. गोळ्या लागू पडल्या.”

पाय बाहेर निघाले ते लालबुंद होऊन. तो मजेत टॉवेलनं पुसत बसला. वनमालाला तिथं उभं राहवेना. कापसाला न जाता ती थेट उपकेंद्रात गेली आणि योगितापुढे तिनं बांगड्या वर सारल्या.

“मॅडम, ती पावलं माझी हायेत.”

योगिता त्या पट्ट्याकडे बघतच राहिली.

“काकू, अहो, तीन महिने आम्ही तुमच्या चालण्यावर काकांचं औषध ठरवतोय!”

“चुकलं माझं. सकाळी कढत पाण्यात पाय सोडून गार हाय म्हनले. पर पायाची आग थांबली म्हंतेत. म्हंजे थोडं तरी बरं हाय ना?”

“नाही काकू. आग होत होती तोवर नस जिवंत होती. आता ती मरायला लागलीय. कालच दोरा लावताना मला शंका आली होती.”

“परत हुईल का जिवंत?”

“गेलं ते येत नाही. राहिलंय ते वाचवायचं. त्याला गोळ्या पाहिजेत आणि त्यांचं स्वतःचं चालणंही पाहिजे. पण पायांना बूट घ्या आधी. आणि पाय मी बघितल्याशिवाय त्यांना घराबाहेर काढू नका. दगड टोचला तरी त्यांना कळायचं नाही.”

घरी येऊन वनमालानं सगळं सांगून टाकलं. तो आरडाओरडा करील, भांडं फेकील, या तयारीनंच ती आली होती. गहिनीनाथनं आवाजही चढवला नाही.

“माझी अब्रू नेऊन मांडलीस व्हय तिथं,” एवढंच बोलला. मग त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारातल्या चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालाव?”

“चालायला. माझ्या पायानं.”

“आवो, आज नगं! बूट आणू, मॅडमला पाय दाखवू...”

“एकतीस वरसं बस हाणली मी. चालायला आता कुणाला विचारू?”

तो निघाला. तीही पदर खोचून मागोमाग निघाली, पण वीस-तीस पावलं अंतर ठेवून. गावात नवऱ्याच्या बरोबरीनं चालून त्याचं आणखी हसं तिला करायचं नव्हतं. हॉटेलपुढं आसारामनं मान वर केलीच.

“काय बे डायव्हर, आज परत गाडी हुकली का?”

गहिनीनाथ थांबला. “हुकली व्हती बे. आता धरायला चाललोय.”

हॉटेल हसलं, पण या वेळी त्याच्या बाजूनं. दोघांनी तर “जाऊ द्या डायव्हर, सुसाट!” म्हणून हात वर केले. ताठ मानेनं तो पुढे गेला. वनमालाचा ऊर भरून आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो खरा चालत होता, आणि तिला वाटलं, वेळ अजून गेलेली नाही. तिनं चालतानाच डोळे पुसले.

हॉटेलच्या पुढे रस्त्याचं काम अर्धवट पडलं होतं. पार वळणापर्यंत नुसती खडी पसरलेली. खडी सुरू होते तिथं एक चप्पल पडली होती. डाव्या पायाची.

वनमालानं समोर बघितलं. गहिनीनाथ पन्नासेक पावलं पुढे गेला होता. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. अणकुचीदार खडीवर तो दोन्ही पाय सारख्याच जोरानं टाकत होता. कुठं लंगडणं नाही, कुठं अडखळणं नाही.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण मागं हॉटेल बघत होतं, आणि तिनं ते पुन्हा मिटलं. तेवढ्यात तोच वळला. चेहऱ्यावर घाम होता आणि हसू होतं.

“मागं काहून राहिलीस? ये की! आज तर पाय लई हलके वाटायलेत बघ!”

हॉटेलवाल्यांना दिसू नये म्हणून वनमालानं चप्पल उचलून पदराखाली घेतली, आणि खडीवरून ती त्याच्याकडे पळत सुटली.